प्रत गहाळ, पुरस्कार हजर

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या दप्तरात १९८१ साली सिनेमाविषयक ग्रंथाची आणि १९८४ साली समीक्षकाची दखल घेतली गेल्यापासून, जुन्या चित्रपटांविषयी लिहिणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग न राहता सरकारी शिक्कामोर्तब लाभू शकणारा व्यासंग ठरला, याबद्दल आम्हांस अर्थातच परमसंतोष आहे. मात्र या व्यासंगाची खुबी अशी की, ज्या कृतीचे गुणवर्णन करावयाचे ती अस्तित्वात असलीच पाहिजे असा दंडक नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नसताना तिच्या ध्वनियोजनेवर रसाळ निबंध लिहिता येतो, आणि परीक्षकांनीही ती पाहिलेली नसल्यामुळे तो बहुधा निर्विवाद ठरतो.

आमच्या एका सन्मानित स्नेह्यांच्या कपाटात शाल, श्रीफळाची करवंटी (नारळ वडीत गेला) आणि सन्मानचिन्ह यांच्या शेजारी फिल्मचा एक गंजका डबा आहे. झाकण उघडताच व्हिनेगरचा उग्र दर्प नाकात शिरतो आणि आत आकसून वाकडीतिकडी झालेली, यंत्रावर चढण्यास कायमची नालायक ठरलेली फीत दिसते. तिला वेळीच थंड, कोरड्या कोठीत का ठेवली नाही, अशी पृच्छा केली असता ते म्हणाले की, कोठीचा खर्च बारमाही असतो, शालीचा एकदाच. आणि शिवाय फितीला आभाराचे भाषण करता येत नाही.