पैसा जातो कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि आमचा धडधाकट संगणक एका रात्रीत निवृत्त झाला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती त्याच्यापाशी नव्हती. मग नवा संगणक घेतला, त्यावर ग्नूकॅश या हिशेबाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवली आणि घरखर्चाची जुनी फाइल उघडली.

आकडे सगळे जागेवर होते, स्वल्पविराम मात्र सरकले होते. दुकानातल्या पोराने संगणकाचा देश अमेरिका ठेवला होता. त्यामुळे १,२५,०००चे १२५,००० झाले. "सव्वा लाखाच्या एफडीचे एकशेपंचवीस कधी झाले?" हिने चष्मा सावरत विचारलं. तारखांमध्येही महिना आधी आला होता. पाच जूनला घेतलेली छत्री सहा मेच्या खर्चात दिसत होती. "तरी म्हटलं, ऐन उन्हाळ्यात कसली छत्री!" आई म्हणाली. तिचा दुधाचा हिशेब कालनिर्णयवर असतो. ते दर जानेवारीला अपग्रेड होतं, आणि जुन्या नोंदी त्याच खिळ्यावर मागे शाबूत राहतात.

देश बदलून सगळी रक्कम मायदेशी आणली. पण खरं दुखणं पुढेच होतं. ग्नूकॅश दुहेरी नोंदीवर चालतं: एका खात्यातून निघालेला रुपया दुसऱ्या खात्यात पोचलाच पाहिजे. ही पद्धत छापील ग्रंथात पहिल्यांदा मांडली लुका पाचोलीने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. हा पाचोली फ्रान्सिस्कन संन्यासी होता. इथेच सगळं आलं! ज्याला भिशी नाही, आहेराची पाकिटं नाहीत, मेहुणीचं केळवण नाही, त्याचा ताळा जुळायला काय हरकत आहे?

संसारी माणसाचं तसं नसतं. एटीएममधून दोन हजार काढले, एवढं पक्कं आठवतं. पुढे ते कुठे गेले याला साक्षीदार नसतो. समोरचं खातं रिकामं सोडलं तरी ग्नूकॅश वाद घालत नाही. ते मुकाट्याने 'इम्बॅलन्स-आयएनआर' नावाचं खातं उघडतं आणि रक्कम तिकडे ढकलतं. आमच्याकडे ते खातं किराण्याच्याही पुढे गेलंय.

हिची नजर नेमकी तिथेच गेली. "अहो, इथे तर बरेच साठलेत की! एक पैठणी होईल."

"साठलेले नाहीत गं. कुठे गेले ते कळत नाही, असे आहेत."

"मग पैठणीही त्याच खात्यात टाका."