टॉर्च नीट धर

बापूंनी आपल्या घरात कारागिराला कधी पाऊल ठेवू दिलेलं नाही. नळाचा वायसर, मिक्सरचे कार्बन, देवघरातली माळ, सगळं स्वतः. कारागीर येतो तो बापू गावाला गेल्यावर, आणि त्याला काकू बोलावतात.

या खेपेला गाडी होती. बापूंची मारुती ८००. कंपनीनं २०१४ मध्ये ती काढायची थांबवली. बापूंच्या गाडीचा रंग त्याआधीच थांबला होता. ही चोरून नेलीच, तर चोर दुसऱ्या दिवशी भरपाई मागायला येईल, असं काकूंचं मत. तरी बापूंनी सायरनचं किट आणलं. दुकानदार "बसवायचे वेगळे" म्हणाला, तेव्हा बापू पायरी उतरून थेट तपकीर गल्लीत गेले आणि पाच रंगांच्या वायरी घेऊन आले.

रविवारी सकाळी मला हाक आली. अशा प्रत्येक माणसाला एक टॉर्च धरणारा लागतो. त्याला मत नसावं, मनगट असावं. बापू सीटवर पाय आणि क्लचपाशी डोकं अशा अवस्थेत होते. "अरे, टॉर्च नीट धर. मी बघतोय तिकडे धर, तू बघतोयस तिकडे नको."

"बापू, आधी बॅटरीची केबल काढायची का?"

"बारा व्होल्टला कोण घाबरतं?"

बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण बॅटरीपाशी अँपिअर भरपूर असतात. प्लसचा नट आवळताना पान्ह्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं. फाडकन ठिणगी उडाली आणि पान्ह्याला खळगा पडला. बापूंनी तो निरखून पाहिला. "बॅटरी चांगली आहे," ते म्हणाले.

दुपारपर्यंत काळी वायर बॉडीला, लाल वायर फ्यूजमधून बॅटरीला आणि दोन वायरी इंडिकेटरला लागल्या. डाख द्यायला वेळ नव्हता म्हणून पिळा मारून काळी टेप. उरली दाराची वायर. किटमध्ये त्यासाठी दोन होत्या, आणि कुठली कधी वापरायची ते पुस्तिकेत होतं. पण पुस्तिका अडल्यावर वाचायची असते आणि बापू अडत नाहीत. त्यांना जी हाताला लागली ती जोडली.

आता, मारुतीच्या दारातलं बटण दार उघडल्यावर निगेटिव्ह देतं, तेव्हा आतला दिवा लागतो. दार बंद असताना त्याच वायरीवर दिव्यातून आलेला प्लस उभा असतो. बापूंनी जोडलेली वायर प्लस दिसला की "दार उघडलं" समजणारी होती. म्हणजे त्या डब्याच्या लेखी जग उलटं झालं.

बापूंनी दार लावलं, रिमोट दाबला. क्षणभर शांतता. मग गाडीनं जो टाहो फोडला, तो सहा वेगवेगळ्या चालींत. तिसऱ्या मजल्यावरचं बाळ उठलं. बापू धावले, दार उघडलं, सायरन गप्प. लावलं, पुन्हा बोंब. चारदा करून झाल्यावर ते म्हणाले, "फार सेन्सिटिव्ह आहे. इम्पोर्टेड ना."

त्या रात्री चोरापासून सुरक्षित राहावी म्हणून गाडी दार सताड उघडं टाकून उभी होती. आतला दिवा जळत होता आणि त्या उजेडात बापू उशी घेऊन मागच्या सीटवर झोपले होते. वॉचमन दर तासाला येऊन त्यांना सलाम करून जाई.

सकाळी बॅटरी बसलेली. बापू खूश. "बघ, आता नेऊन दाखवावी कुणी!"

गुरुवारी बापू साताऱ्याला गेले. दुकानातला पोरगा आला, ढकलून गाडी चालू करून घेतली आणि दहा मिनिटांत वायर बदलली. मग डॅशबोर्डखालच्या त्या गाठींकडे बघत त्यानं विचारलं, "काकू, आधी कुणी हात लावला होता का?"

"उंदीर," काकू म्हणाल्या.

शनिवारी बापूंनी रिमोट दाबला. इंडिकेटर दोनदा लुकलुकले, गाडी मुकाट्यानं उभी राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वायरिंगला मुरायला दोन दिवस द्यावेच लागतात," ते म्हणाले. "ते तुमच्या दुकानातल्या पोरांना कुठलं कळायला?"