अजून पाच मिनिटं

कुंभकर्णाच्या झोपेचा निकाल खुद्द ब्रह्मदेवाने लावला होता. आपल्या पोरांच्या झोपेसाठी महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाला शासन निर्णय काढावा लागला. झालं असं, की डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस राजभवनातल्या एका कार्यक्रमात म्हणाले, सगळ्यांच्याच झोपेच्या वेळा बदलल्यात, मुलं मध्यरात्रीपर्यंत जागतात आणि शाळेसाठी त्यांना भल्या पहाटे उठवलं जातं. तेव्हा शाळांच्या वेळेचा जरा विचार करा. विचार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून.

आदेशामागची कारणं वाचण्यासारखी आहेत. बदललेली राहणी, करमणुकीची नाना साधनं, शहरात रात्री उशिरापर्यंत चालणारे गाड्यांचे आणि गाण्यांचे आवाज, पावसाळ्यात-थंडीत मुलांना उठवून तयार करताना आईबापांची होणारी तारांबळ. सरकारी कागदात आपल्या घराचं इतकं हुबेहूब वर्णन मला तरी दुसरीकडे सापडलेलं नाही. मसुदा लिहिणारा अधिकारी बोरिवली-मुलुंडच्या बाजूलाच राहत असणार, आणि त्याच्या घरी दुसरीतलं एक कार्टं असणार.

मी मुलुंड पूर्वेला राहते. सकाळी साडेसहाला फिरायला निघालं की सोसायटीच्या गेटपाशी मुलं उभी असतात. उभी आहेत म्हणून जागी आहेत, असं समजायचं. बाटलीचा पट्टा गळ्यात, शर्टाचं एक टोक बाहेर, गालात पोळीचा घास तसाच. तो चावायचा की कसं, याचा हुकूम वरून अजून आलेला नसतो. मागे एक आई रिबन बांधता बांधता पाढा म्हणून घेत असते. "आठ सत्ते?" वेणी हलते, उत्तर येत नाही. "अगं, काल तर येत होतं!" तेवढ्यात व्हॅनवाले काका हॉर्न देतात. मुलं आत शिरतात, शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकतात आणि शाळेच्या फाटकापर्यंत जी झोपतात, ती त्यांची सगळ्यात सुखाची झोप. काका स्पीडब्रेकर आला की गाडी अगदी अलगद घेतात. आमच्या भागातल्या बालमानसोपचाराची सुरुवात मला विचाराल तर तिथून होते.

मानसोपचाराचं नाव काढलं, कारण हल्ली मुलांच्या मनाबद्दल सगळेच बोलू लागलेत. चांगलं आहे. आमच्या काळी मुलांना मन असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पोट असायचं आणि पाठ असायची. नातीच्या शाळेत मध्यंतरी 'मुलांचं मानसिक आरोग्य' या विषयावर पालकांसाठी व्याख्यान ठेवलं होतं. मुलांनाही घेऊन या, असा निरोप होता. व्याख्यान शनिवारी सकाळी साडेसातला होतं. वक्त्या बाई फार छान बोलल्या, असं जाग्या राहिलेल्या आया सांगत होत्या. मुलं पहिल्या दहा मिनिटांत आडवी झाली. त्या दिवशी मुलांसाठी झालेलं सगळ्यात उपयोगी काम तेवढंच.

आता जरा हिशेब करू. झोपेचे डॉक्टर सांगतात, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी. तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १०. सातची शाळा म्हणजे पावणेसहाला उठणं आलं. नऊ तास हवेत, तर रात्री पावणेनऊला दिवा मालवायला हवा. पावणेनऊला बोरिवलीतल्या मुलाचे बाबा अंधेरी आणि जोगेश्वरीच्या मधे एका पायावर उभे असतात. दुसरा पाय टेकायला जागा मालाडला मिळते.

बाबा घरी येतात साडेनवाला. चपला काढायच्या आत पोरगं अंगावर झेपावतं. दिवसभरात एकमेकांना भेटायची दोघांची तेवढीच वेळ. या वेळी "झोप आता!" म्हणून ओरडणारी आई मी पाहिली आहे, आणि ओरडून झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून त्या दोघांकडे बघत उभी राहिलेली तीच आईही पाहिली आहे. मुलं रात्री जागतात ती मोबाइलमुळे, असं आपण सरसकट म्हणतो. मोबाइल आहेच, त्याची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. पण उपनगरांतली निम्मी जागरणं बापाची वाट बघण्यात होतात. शाळेच्या वेळेसाठी आदेश निघाला. ऑफिस सुटायच्या वेळेसाठी कुणी काढत नाही.

त्यातून घर. मुलाची वेगळी खोली हा प्रकार आमच्याकडे जाहिरातींतल्या फ्लॅटमध्ये असतो. वन रूम किचनमध्ये किंवा वन बीएचकेमध्ये मूल झोपतं ते हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर, आणि सोफ्याचा बेड व्हायचा तर त्यावर बसलेल्या माणसांनी आधी उठायला हवं. माणसं मालिका बघत असतात. सासूचं कारस्थान उघडं पडल्याशिवाय कोणी हलत नाही, आणि ते उद्यावर गेलेलं असतं. शेजारची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली असेल, तर रात्री सिमेंटचा मिक्सर घरघरतो. नवरात्रात घाटकोपर आणि बोरिवलीला गरबा. लग्नसराईत वरात. लाउडस्पीकर दहाला बंद करायचा नियम आहे खरा. पण सणासुदीचे काही दिवस बाराची सवलत असते, आणि आपल्याकडे सण कुठे संपतात!

उरलेली वेळ क्लासची. एका चौथीतल्या मुलाचं वेळापत्रक त्याच्या आईने फ्रिजवर चिकटवलंय: अबॅकस, कराटे, स्कॉलरशिपची तयारी, हस्ताक्षर सुधारणा. चौकोन ठासून भरलेत. गृहपाठ रात्री साडेनवाच्या चौकोनात. झोपेचा चौकोन मात्र कागदावर नाही; जेवढं मागे राहील तेवढं झोपेचं, असा हिशेब आहे. २०२२ साली एनसीईआरटीने देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३.७९ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचीच नावं घेतली. त्या काळजीवर पालकांचा उपाय ठरलेला: आणखी एक क्लास. क्लासचा तास आणायचा कुठून? झोपेतून. कमी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी चिडचिडतं, कारण नसताना रडतं, बाईंनी सांगितलेलं त्याच्या डोक्यात राहत नाही. मग "लक्ष नाही" असा शेरा डायरीत येतो, आणि एकाग्रता वाढवायच्या क्लासची चौकशी सुरू होते. शनिवारी असतो म्हणे, सकाळी सातला.

'लवकर निजे, लवकर उठे' ही म्हण आम्हाला तोंडपाठ होती. तिचा उत्तरार्ध तेवढा आम्ही सांभाळून ठेवलाय.

नऊच्या आदेशाचं पुढे काय झालं, हे विचारू नये. बसवाले म्हणाले, नऊच्या ट्रॅफिकमध्ये आमच्या फेऱ्या बसत नाहीत. त्यात तथ्य आहे. एलबीएस रोडवर नऊ वाजता माणसाची फेरी बसत नाही, बसची कुठून बसणार? शाळा म्हणाल्या, इमारत एक, सत्रं दोन. सकाळचं सत्र नऊला सुरू केलं तर दुपारचं कधी भरवायचं? तेही खरं. मुंबईत जागाच इतकी कमी, की वर्गसुद्धा पाळीपाळीने भरतात. आणि सगळ्यात मोठा आवाज पालकांचा होता. "आमची आठ बाराची लोकल. नऊच्या शाळेला मुलाला सोडणार कोण?" ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांचा प्रश्न सुटला. एरवी टाकीतल्या पाण्यावर भांडणारी म्हातारी माणसं एकदम मागणीत आली. बाकीच्यांनी शाळेला लिहून दिलं, की आमची हरकत नाही, सातलाच ठेवा. अनेक शाळांनी वेळ बदललीच नाही. मुलांना कुणी विचारलं नाही. ती झोपली होती.

काही ठिकाणी वेळ बदलायची एक सोपी युक्ती होती: लहानांना दुपारी आणायचं, मोठ्यांना सकाळी. कागदावर सुबक दिसते. शरीरशास्त्र मात्र नेमकं उलटं सांगतं. सहा-सात वर्षांचं पोर रात्री आठ-साडेआठला पेंगतं. त्याला लवकर झोपवलं तर ते लवकर उठूही शकतं. वयात येणाऱ्या मुलाचं तसं नाही. झोप आणणारं मेलाटोनिन त्याच्या अंगात लहानपणीपेक्षा उशिरा पाझरू लागतं, त्यामुळे रात्री अकराच्या आत त्याला खरोखरच झोप येत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकाडन यांचं संशोधनातलं आयुष्य याच अभ्यासात गेलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं, की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा केला आणि २०२२ पासून तो लागू झाला. आमच्याकडे नववीतला मुलगा रात्री टक्क जागा आणि सकाळी मढ्यासारखा पडलेला दिसला, की त्याला आळशी, उनाड, मोबाइलवेडा अशा पदव्या मिळतात. त्यातली तिसरी पुष्कळदा खरी असते. पण पहिली चुकीची आहे, आणि ती रोज सकाळी पाऊण तास ऐकून पोरगं दहावीत पोचतं.

एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. झोपू दिलं जात नाही हे वेगळं, आणि झोपू दिलं तरी झोप येत नाही हे वेगळं. सुट्टी आहे, अंधार आहे, मोबाइल दुसऱ्या खोलीत आहे, आणि तरी मूल पहाटेपर्यंत छताकडे बघतंय. किंवा उलट, दिवसच्या दिवस पांघरूण डोक्यावरून काढतच नाही, जेवत नाही, मित्रांचे फोन घेत नाही. असं काही आठवडे चाललं तर पाढे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. जायचा धीर होत नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येतं. शेजाऱ्यांना कळत नाही. आमच्या सोसायटीत ही शेवटची सोय सगळ्यात महत्त्वाची मानली जाते.

तर आदेशाबद्दल माझं मत असं: झालं ते चांगलं झालं, पण अर्ध्यावर थांबलं. चौथीनंतर मुलाची झोप संपते, असं जणू सरकारने गृहीत धरलंय. पाचवीपासूनची पोरं आजही सातच्या घंटेला पेंगत उभी असतात. ती वेळ बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही, आणि बाबांची लोकलही नाही. रात्री दहानंतरचा टीव्ही, फ्रिजवरचे दोन चौकोन आणि सोफ्यावरून वेळेवर उठणं, एवढं मात्र घरच्यांच्या हातात आहे. हे तुम्ही रात्री हॉलमधला दिवा लावून वाचत असाल आणि त्याच हॉलमध्ये कुणी बारकं पांघरुणात तोंड खुपसून पडलं असेल, तर कृपा करून आधी तो दिवा मालवा.