कर्नेवेकचा कैवारी

कॉर्नवॉल इंग्लंडमध्ये आहे असं ज्याच्यासमोर चुकूनही म्हणायचं नाही, तो कर्नेवेकचा, म्हणजे कॉर्निश भाषेचा, कैवारी. टेमार नदी ओलांडली की इंग्लंड संपलं, असा त्याचा भूगोल. आणि बहुधा तो भूगोलाचाच निवृत्त मास्तर असतो. वय साठीच्या पुढं, दाढी पांढरी, गाडीच्या काचेवर संत पिरनचा झेंडा, काळ्यावर पांढरा क्रूस. आजी रेड्रूथची. आजीला कॉर्निशचं अक्षर येत नव्हतं, पण तो विषय तिथं काढायचा नसतो.

या भाषेची शेवटची बोलणारी म्हणून मौझलची कोळीण डॉली पेंट्रीथ हिचं नाव सगळीकडे छापतात. 1768 मध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाचा चौकस इंग्रज तिच्या दारात आला. कॉर्निश कुणालाच येत नाही अशी यानं पैज मारलीय, असं तिला सांगण्यात आलं. झालं! म्हातारीनं दोन-तीन मिनिटं त्याला अस्सल कॉर्निशमध्ये फैलावर घेतलं. 1777 साली ती वारली आणि 1860 मध्ये नेपोलियनच्या पुतण्यानं, लुई ल्युसियां बोनापार्तनं, पॉल गावच्या चर्चच्या आवारभिंतीत तिचं स्मारक बसवलं.

कैवाऱ्याला हे स्मारक बघवत नाही. ‘शेवटची’ म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. ती गेल्यावर विल्यम बोडिनार नव्हता का? तो 1789 पर्यंत होता, आणि त्याचं कॉर्निशमधलं पत्र आजही वाचायला मिळतं. मग जॉन डेव्ही, त्याला थोडीफार येत होती, तो 1891 ला गेला. आणि 1904 मध्ये हेन्री जेनरनं शिकणाऱ्यांसाठी पुस्तक काढलंच. म्हणजे खंड किती? तेरा वर्षांचा! एवढी सुट्टी कुठल्याही भाषेनं घ्यावी.

भाषा उठून बसली आणि लगेच शुद्धलेखनावरून जुंपली. रॉबर्ट मॉर्टन नान्सनं मध्ययुगीन नाटकं पुढ्यात ठेवून एक पद्धत बसवली. केन जॉर्जनं संगणक लावून उच्चारांचा हिशोब मांडला आणि दुसरी आणली. रिचर्ड गेंडॉल म्हणाला, मध्ययुग कशाला, शेवटची माणसं बोलत होती तसं लिहा. निकोलस विल्यम्सनं नान्सचीच दुरुस्त आवृत्ती काढली. अखेर बाहेरचे पंच बोलावून 2008 मध्ये तह झाला, तोही इतका उदार, की त्यात कित्येक शब्द दोन-दोन तऱ्हांनी लिहायची मुभा. ज्यांना तेवढंही पटलं नाही त्यांनी आणखी एक पद्धत तयार केली. ऱ्हस्व-दीर्घावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आपल्याला यात नवल नाही. पण आपण कोट्यवधी आहोत. 2011 च्या जनगणनेत कॉर्निश ही आपली मुख्य भाषा, असं लिहिणारे अख्ख्या इंग्लंड-वेल्समध्ये 557 निघाले.

घरी कैवाऱ्याची पंचाईतच. बायको सगळ्याला ‘हं’ म्हणते. मुलं ब्रिस्टलला, ती फोनवर इंग्रजीत पैसे मागतात. उरला कुत्रा. त्याला ‘बस’ आणि ‘ऊठ’ कॉर्निशमध्ये कळतं. पोस्टमनवर भुंकू नये, हे कुठल्याच भाषेत कळत नाही.

त्याचं खरं घर म्हणजे पबमधली गप्पांची बैठक. कॉर्निशच बोलायचं, हा नियम. ‘डिथ दा’ म्हणून सुरुवात होते. पाऊस होतो, गुडघे होतात, बिअर मागवून होते. मग कुणीतरी नव्या रस्त्याच्या पाटीवरच्या स्पेलिंगचा विषय काढतो आणि पाचव्या मिनिटाला सगळे कडकडीत इंग्रजीत भांडू लागतात. घाईघाईत एखाद्याचा अपमान करायला लागेल एवढं कॉर्निश अजून कुणापाशी नाही. डॉलीपाशी होतं. माझ्या मते या चळवळीत खरी उणीव आहे ती शिव्यांची, आणि ती कुठल्याही परीक्षा मंडळानं अभ्यासक्रमात घेतलेली नाही.

पण रस्त्याला दोन भाषांतली पाटी आहे, ती याच भांडखोरांमुळे. 2002 मध्ये ब्रिटिश सरकारनं युरोपच्या अल्पसंख्य भाषांच्या सनदेखाली कॉर्निशला मान्यता दिली. युनेस्कोच्या भाषांच्या नकाशात ती ‘मृत’ होती. हरकती गेल्या आणि 2010 मध्ये शेरा बदलून ‘अत्यंत धोक्यात’ झाला. एरवी कुणी असा शेरा ऐकून हादरेल. कैवाऱ्यानं सगळ्यांना बिअर पाजली. 2016 मध्ये लंडननं भाषेसाठीचं वर्षाचं दीड लाख पौंडांचं अनुदान बंद केलं, तेव्हा कॉर्निशच्या वर्गाच्या फोटोकॉपी तो पदरमोड करून काढू लागला.

सगळ्या परीक्षा पार केल्या की गोर्सेथ ही 1928 पासूनची भाटांची सभा त्याला बार्ड करून घेते. निळा पायघोळ झगा घालून वाऱ्यात उभा राहिलेला तो किंचित हास्यास्पद दिसतो, हे त्यालाही ठाऊक असतं.

कॉर्नवॉलला गेलात आणि पबमध्ये असा कुणी भेटला, तर घटकाभर त्याच्यापाशी बसा. निघताना ‘म्यूर रास’ म्हणा, आभार पोचतील. फक्त ते कागदावर लिहून देऊ नका.