दोनपैकी जो महापौर रिकामा असेल त्यास

प्रति,
मा. महापौर, लंडन

विषय : आपल्या शहरात एकट्याने फिरल्याबद्दल आभार, थोडी तक्रार आणि एक मागणी.

महोदय,

पत्र कोणाच्या नावानं धाडावं, इथूनच घोळ सुरू झाला. तुमच्याकडं महापौर दोन. एक साऱ्या लंडनचा, २००० सालापासून लोकांनी निवडून दिलेला. दुसरा जुन्या शहराच्या जेमतेम चौरस मैलाचा, दरवर्षी नवा, सोनेरी बग्गीतून मिरवणारा. आमच्याकडं गावाला एकच अध्यक्ष असतो आणि तेवढ्यात भागतं. तेव्हा दोघांपैकी ज्याला फुरसत असेल त्यानं वाचावं.

मी मोर्शीचा संत्रा बागाईतदार. आंबिया बहाराची फळं बोराएवढी झालेली, पारा पंचेचाळिशीत, ठिबकचा कॉक कधी फिरवायचा ते पोराला सांगून ठेवलेलं. अशा वेळी बाप घरात बसून काय करणार? म्हणून तुमच्याकडं आलो. आधी एका सहलवाल्याकडं गेलो होतो. एकटा आहे म्हटल्यावर तो म्हणाला, खोलीचे जादा पडतील. जोडप्याला स्वस्त आणि एकट्याला महाग, हा हिशेब मला वखारीतल्या अडत्यानंही कधी शिकवला नव्हता. म्हटलं, एकटा जीव सदाशिव, आपलं आपण जाऊ.

परत आलो तर चौकात पहिला प्रश्न : ‘एकलेच गेल्ते काजी? मंग फोटू कोनं काढले?’ प्रवासाचा पुरावा फोटो आणि फोटोचा पुरावा सोबती, असं आमच्याकडं आहे. आता सांगायला हरकत नाही, काही फोटो एका कोरियन पोरीनं काढले. त्यात मी पुरा आहे, बिग बेनचा मनोरा मात्र कमरेपासून खाली आहे.

तसं एकट्यानं हिंडणं आमच्या तालुक्याला नवं नाही. मोर्शी तालुक्यातच रिद्धपूर आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ लिहिलं ते तिथं, आणि त्याचा पहिला भाग म्हणजे ‘एकांक’. चक्रधरस्वामी एकटे भटकत होते त्या काळाच्या लीळा त्यात आहेत. तुमचा लंडन ब्रिज दगडाचा होऊन तेव्हा सत्तर-ऐंशी वर्षं झाली असतील. आणि १९५५ साली आमच्या मोझरीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन जपानला जाऊन आले. म्हणजे परदेशाचं आम्हाला अप्रूप आहे, पण धास्ती नाही.

आता आभार. एकट्या माणसाची एवढी सोय मी कुठं पाहिली नाही. बसमध्ये कार्ड टेकवा, तासाभरात कितीही वेळा बस बदला, पुन्हा पैसे नाहीत. कंडक्टर नाही, सुट्ट्या पैशांवरून भांडण नाही. रस्ता विचारायला तोंड उघडायची गरज नाही. खांबाखांबावर नकाशा, आणि त्यात तुम्ही उभे आहात ती जागासुद्धा. जूनच्या तोंडावर रात्री नऊपर्यंत ऊन, त्यामुळं एका दिवसात दोन दिवसांची पायपीट उरकते. सोबत कोणी नाही म्हणून ‘चला ना, भूक लागली’ नाही, ‘पिशवीकडं लक्ष ठेवा’ नाही.

पण महोदय, माणूस बोलत नाही हो तुमच्याकडं. आमच्या मोर्शी-अमरावती बसमध्ये नेरपिंगळाई यायच्या आत शेजारच्याला माझं गाव, एकर, बागेचं वय आणि पोरगी कोठी देली हे सगळं ठाऊक झालेलं असतं. तुमची भुयारी रेल्वे १८६३ सालची. एवढ्या वर्षांत समोरच्या बाकावरच्या माणसाशी बोलायची रीत काही पडली नाही. मी एकदा एका म्हाताऱ्याला नमस्कार घातला. त्यानं मागं वळून पाहिलं, नमस्कार कोणाला आहे म्हणून.

मुख्य तक्रार तिकिटांची. तुमच्या शहराचा एक अजब नियम माझ्या ध्यानात आला. जे दुसऱ्यांचं, ते पाहायला फुकट. जे स्वतःचं, त्याला तिकीट. ब्रिटिश म्युझियमला पैसा लागत नाही. मिसरचा रोझेटा शिळालेख फुकट, अथेन्सच्या पार्थेनॉनवरून उतरवलेल्या मूर्ती फुकट, ईस्टर बेटावरचा उभा पुतळा फुकट. वेस्टमिन्स्टर ॲबे म्हणजे तुमचं स्वतःचं देऊळ. तिथं पाय ठेवायला तीस पौंडांच्या आसपास. एवढ्यात बागेला कितीतरी मजूर दिवसभर लागतात. कोहिनूर तेवढा या नियमाला अपवाद निघाला. तो दुसऱ्याचा असून तिकिटात आहे, आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याच्यासमोर सरकता पट्टा लावलाय. उभं राहून विचार करायची सोय नाही. शेतमाल तोलताना काट्याजवळ शेतकऱ्याला जास्त वेळ उभं राहू देत नाहीत, त्यातला प्रकार.

म्युझियमात ३३अ नावाचं दालन आहे. दारावर ‘अमरावती’ लिहिलेलं. आमच्या जिल्ह्याचं नाव लंडनात दिसल्यावर कोणत्याही वऱ्हाडी माणसाची छाती फुगायचीच, पण ही अमरावती आंध्रातली, कृष्णाकाठची, हे मला ठाऊक होतं. तिथल्या बौद्ध स्तूपाच्या कोरीव शिळा वॉल्टर एलियटनं १८४५ साली खणून काढल्या, मद्रासला नेल्या, १८५९ साली बोटीनं तुमच्याकडं आल्या. मग काही वर्षं तुम्हालाच त्यांचं काय करावं सुचेना. एका सरकारी वाड्याच्या गाडीखान्यात त्या पडून होत्या. आता काचेआड, बेताच्या थंडाव्यात आहेत. एका शिळेवर स्तूपाचंच चित्र कोरलंय : पाच खांब, सिंह, वर हवेत उडणारे भक्त, आणि कठड्यावर बोटभर उंचीची माणसं, प्रत्येकाचा फेटा वेगळा. तिथं मी बराच वेळ उभा होतो. पहारेकऱ्यानं विचारलं, कुठून आलात? म्हटलं, अमरावती. तो खूश झाला. म्हणाला, मग हे तर तुमचंच! मी नाही म्हटलं. ते आंध्राचं आहे, आमचं नाही. तो थोडा गोंधळला. आपल्या नसलेल्या वस्तूवर हक्क न सांगणारा माणूस त्या इमारतीत त्याला वरचेवर भेटत नसावा.

आमचं जे आहे, ते मी पुढं शोधून काढलं. सेंट पॉल चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला जाणाऱ्याला तिकीट नाही, हे कोणीतरी सांगितलं होतं. गेलो, पोरांचं गाणं ऐकलं. शब्द कळले नाहीत, तरी तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजातल्या सामुदायिक प्रार्थनेची आठवण झाली. पण प्रार्थनेला आलेल्याला तळघर पाहता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी रीतसर तिकीट काढून खाली उतरलो. कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटची भली थोरली पेटी, आत वेलिंग्टनचा ड्यूक. वॉटर्लूवाला. हाइड पार्क कॉर्नरला तो घोड्यावर बसलाय, समोरच त्याचं घर आहे, आणि घरात दख्खनच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी भेट दिलेली सोनेरी मुलाम्याची चांदीची भांडी.

तुमच्या लेखी हा वॉटर्लूचा माणूस. आमच्या लेखी गाविलगडाचा. चौतिशीतला आर्थर वेलस्ली आमच्याकडं येऊन गेला तो नुसता फिरायला नव्हता. २९ नोव्हेंबर १८०३ला आमच्या अडगावला लढाई केली, १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड फोडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेच्या मुलखावर पाणी सोडायला लावलं. तो मुलूख निजामाच्या पदरात गेला. मोर्शी वर्धेच्या पश्चिमेलाच आहे, तेव्हा त्या कागदावर आम्हीही होतो; आम्हाला कोणी विचारलं मात्र नाही. पुढं १८५३ साली निजामाकडून तो तुम्हीच कर्जापोटी ठेवून घेतला आणि आमचा कापूस तुमच्या गिरण्यांकडं वाहू लागला. समोर तिकीटवाली समाधी आणि खिशात तिकीट, अशा अवस्थेत हे सगळं आठवलं. बाजूला कोणी असतं तर त्याला कोपरखळी मारून सांगितलं असतं, ‘पाय न गड्या, हाच तो.’ एकट्याच्या प्रवासात नेमकी तीच एक सोय नाही.

ती सोय मला एकाच ठिकाणी झाली. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ साली बाबासाहेब आंबेडकर तिथं राहत होते; महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते घर घेतलं. लंडनात एकट्यानं दिवस कसे काढावेत ते त्या माणसाकडून शिकावं. तुमच्या त्याच म्युझियमातल्या ग्रंथालयात सकाळी दार उघडायच्या वेळी हजर, बंद होईस्तोवर आत. रोझेटा पाहायला ते किती वेळा थांबले असतील, मला शंकाच आहे. मी गेलो तेव्हा पुस्तकांच्या कपाटासमोर यवतमाळकडचं एक कुटुंब उभं होतं. चप्पल पाहून का काय, आजीबाईंनी ओळखलं : ‘कोठचे जी तुमी?’ मग पाऊस, बोंडअळी, पोरांच्या नोकऱ्या, सगळं झालं. अर्धा तास लंडन बाहेर थांबलं होतं.

असो. आता मागणी, आणि ती लहान आहे. कोहिनूर, स्तूप वगैरे मोठ्या सरकारांनी पाहावं. आम्ही मागतो ती दगडाची एक पाटी. गाविलगडाचा किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह लढता लढता गडावरच मेला. सेंट पॉलच्या तळघरात, त्या ग्रॅनाइटच्या पेटीशेजारी भिंतीवर भरपूर जागा रिकामी आहे, मी नीट पाहून आलोय. तिथं एवढंच लिहावं : ‘बेनीसिंग, किल्लेदार, गाविलगड. मृत्यू १५ डिसेंबर १८०३.’ खर्चाची अडचण असेल तर माझ्या तिकिटातून वळते करून घ्यावे, कमी पडल्यास कळवावे.

आपला,
एक संत्रा बागाईतदार,
मोर्शी, जि. अमरावती (वऱ्हाडातली)