शॅलशास्त्री

मतमोजणीच्या दिवशी सायंकाळी, ज्या वेळी पराभूत उमेदवारांच्या दारचे मंडप उतरले होते आणि विजयी उमेदवारांच्या अंगावरचा गुलाल घामाबरोबर ओघळून सदऱ्यावर कायमचा स्थायिक झाला होता, त्या वेळी एका मराठी वाहिनीवर एक निवडणूकतज्ज्ञ, ज्यांचा अंदाज त्याच दिवशी शंभराहून अधिक जागांनी चुकला होता, निवेदिकेचे इंग्रजी दुरुस्त करीत होते. तिने कार्यक्रम आटोपता घेताना, मराठी वाहिन्यांच्या शिरस्त्यास अनुसरून, शेवटचे वाक्य इंग्रजीत टाकले: ‘वुई विल सी.’ सरांनी हात वर केला, चष्मा नाकावर नीट बसविला आणि अत्यंत मृदू, परंतु ज्यावर अपील चालणार नाही अशा स्वरात फर्माविले: ‘मॅडम, एक दुरुस्ती. वुई शॅल सी. प्रथमपुरुषी शॅल.’

निवेदिका म्हणाली, ‘सॉरी सर.’ शंभर जागांबद्दल कोणी कोणाला सॉरी म्हटले नाही.

सरांचा हा वर्ग वाचकांच्या पुरता परिचयाचा आहे. क्रियाविशेषण ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शिरले तर ज्यांना रात्री झोप लागत नाही, वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय दिसले तर जे वर्तमानपत्राला पत्र धाडतात, आणि ‘डेटा’ हा शब्द बहुवचनी आहे हे ज्यांनी आजवर इतक्यांना ऐकविले आहे की त्या डेटात काय होते हे पाहण्यास त्यांना उसंतच मिळाली नाही, ते हेच सद्गृहस्थ. यांचे इंग्रजी निर्दोष असते. चुकतो तो फक्त देश.

आता या शॅलविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सरांनी त्याला साक्षीस बोलाविले आहे आणि साक्षीदाराची उलटतपासणी झाल्यावाचून खटला निकाली निघत नाही. १६५३ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्रजी भाषेच्या परंतु लॅटिन भाषेत लिहिलेल्या एका व्याकरणात असा दंडक सांगितला आहे की, प्रथमपुरुषी शॅल केवळ भावी गोष्ट कळवितो, तर विल वचन देतो किंवा धमकावतो. द्वितीय आणि तृतीयपुरुषी मात्र हाच कारभार उलटा, म्हणजे तेथे विल निरुपद्रवी भविष्य सांगतो आणि शॅल हुकूम सोडतो. पुढे शाळामास्तरांनी या दंडकाचे समर्थन करण्यासाठी एका बुडणाऱ्या परदेशी माणसाची आख्यायिका रचली. हा बिचारा पाण्यातून ओरडला, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरच्या व्याकरणशुद्ध इंग्रजांनी त्याचा अर्थ ‘मी बुडणारच, मला कोणी वाचविता कामा नये’ असा रीतसर लावला, आणि त्याच्या दृढनिश्चयाचा मान राखून ते घरी गेले. या गोष्टीवर पिढ्यान्‌पिढ्या मुले हसत आली; काठावर उभ्या राहिलेल्यांना दोन शिव्या द्याव्यात असे मात्र कोणत्याही मास्तराला सुचले नाही. गंमत अशी की, स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका येथील लोकांनी हा दंडक कधी मनावर घेतला नाही, खुद्द इंग्लंडात तो आज जवळजवळ निजधामास गेला आहे, आणि जेव्हा तो जिवंत होता तेव्हाही सामान्य इंग्रज बोलताना शॅल व विल दोन्ही गिळून नुसते ‘आय्‌ल’ म्हणे, ज्यातून कोणते सहायक क्रियापद पोटात गेले याची रुजुवात परमेश्वरालाही करता येऊ नये. म्हणजे मालकांनी सोडून दिलेल्या वाड्याची राखण आमचे सर दादर-पुण्याकडे बसून करीत आहेत.

तथापि दंडक खरा धरूनच चालू. मग प्रश्न असा उपस्थित होतो की, ‘त्यांना इतक्या जागा मिळतील’ असे सरांनी छातीठोकपणे सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात कोणते सहायक क्रियापद होते? मराठीच्या ‘तील’ला शॅल-विलाचा हा भेद ठाऊक नाही, तो भविष्य, आश्वासन आणि दमदाटी ही तिन्ही कामे एकाच पगारात करतो. सरांनी विल योजिला असेल, तर ते भाकीत होते आणि ते खोटे ठरले. शॅल योजिला असेल, तर ती मतदाराला दिलेली आज्ञा होती आणि मतदाराने ती धुडकावली. सरांचा त्या रात्रीचा चेहरा पाहता मला दुसरा पर्याय अधिक संभवनीय वाटतो, कारण चुकलेल्या ज्योतिष्याच्या मुद्रेवर ओशाळलेपण असते आणि हुकूम मोडला गेलेल्या मामलेदाराच्या मुद्रेवर संताप.

वस्तुतः इंग्रजी क्रियापदाला स्वतःचे असे भविष्यकाळाचे रूपच नाही. शॅलचा मूळ अर्थ देणे लागणे, बांधलेले असणे. विलचा मूळ अर्थ इच्छिणे. थोडक्यात, ज्या भाषेत सर भविष्य सांगतात तिने आपला सगळा भविष्यकाळ कर्ज आणि वासना यांच्या जामिनावर उभा केला आहे, आणि निवडणुकीच्या अंदाजांची यापेक्षा प्रामाणिक व्याख्या मला तरी कोठे आढळलेली नाही. आपल्या संस्कृत व्याकरणाने या धंद्याची सोय पुष्कळ बारकाईने करून ठेविली होती. तेथे साध्या भविष्यासाठी लृट् आहे. जे आज घडणार नाही अशा भविष्यासाठी वेगळा लुट् आहे, जो वाहिन्यांनी मतदानापूर्वी आग्रहाने वापरावा. आणि जी क्रिया घडायची होती पण घडली नाही तिच्यासाठी लृङ् आहे, जो निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून वापरता येतो. ‘मतदान दोन टक्क्यांनी वाढले असते, बंडखोर बसले असते, पाऊस थांबला असता, तर आमचा आकडा तंतोतंत आला असता,’ ही अवघी कैफियत लृङ् लकारात आहे. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत ‘सुप्त लाट’ नावाची जी वस्तू अवतरते, तिचे व्याकरण मी पुष्कळ शोधले. ती लाट असते, परंतु येताना कोणास दिसत नाही, ओसरल्यावर मात्र सर्वांस दिसते, आणि विशेष म्हणजे ती आपणांस आधीपासून जाणवत होती असे ज्यांनी कधी लिहिले नाही तेच सांगतात.

२००४ साली अंदाज पालथे पडले. २०२४ साली जून महिन्यात आकडे एका अंगाने फुगले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, महाराष्ट्र विधानसभेच्या वेळी, दुसऱ्या अंगाने आटले. एवढ्या मोठ्या देशात मतांचे जागांत रूपांतर करणे अवघड आहे, तिरंगी-चौरंगी लढतीत टक्का-दीड टक्का इकडचा तिकडे झाला तरी पाच-पन्नास जागा उलटतात, आणि केंद्राबाहेर टॅब घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी पोराला खरे सांगण्याचे कोणतेही बंधन शाई लावलेल्या मतदारावर नाही, हे सारे मला मान्य आहे. अवघड काम चुकले तर राग येत नाही. राग येतो तो त्या दुरुस्तीचा.

कारण ही दुरुस्ती फुकट नसते. वाशीमकडचा किंवा जतकडचा एक मुलगा, ज्याच्या घरात इंग्रजीचे पहिले पुस्तक त्याच्याच दप्तरातून आले, पदवी घेऊन, इस्त्री केलेला एकुलता एक शर्ट घालून मुलाखतीस जातो, समोरचे तीन गृहस्थ त्याला ‘पाच वर्षांनी तुम्ही कोठे असाल?’ हा प्रश्न विचारतात, तो ‘आय विल बी’ असे सुरू करतो आणि मधल्या गृहस्थाच्या ओठांच्या कोपऱ्यात ते सुप्रसिद्ध स्मित उमटते, जे शॅल जाणणाऱ्यांनी विल म्हणणाऱ्यांसाठी राखून ठेविलेले असते. त्या एका अक्षरावर त्याचा कागद ढिगाच्या खालच्या बाजूस जातो, बाहेर बसलेला त्याचा बाप ‘काय झालं रे?’ म्हणून विचारतो आणि पोराला बापास काय सांगावे ते समजत नाही, कारण तो काहीही चुकलेला नसतो. हिशेब त्याला येत असतो, यंत्र त्याला कळत असते, गावच्या कोणत्या वाडीची मते कोणाकडे जाणार हेही त्याला सरांपेक्षा शतपटीने अधिक अचूक ठाऊक असते. ते मात्र त्याला कोणी विचारीत नाही. या देशात एका सहायक क्रियापदाने माणूस नापास होतो आणि शंभर मतदारसंघांनी होत नाही! पुढच्या निवडणुकीस सरांना तीच खुर्ची, तोच मानधनाचा धनादेश आणि तोच ‘ज्येष्ठ’ हा उपसर्ग मिळणार असतो. अरे, ज्याला माणसे मोजता येत नाहीत त्याने दुसऱ्याची क्रियापदे मोजावीत, आणि आम्ही ‘सॉरी सर’ म्हणावे? ही विद्वत्ता नव्हे, ही नाक्यावर उभी राहून वसूल केलेली जकात आहे. आणि ती ज्याच्याजवळ सर्वांत कमी त्याच्याकडून सर्वांत आधी वसूल होते.

असो. सनदशीर मार्गाने बोलू. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-क अन्वये मतदान चालू असताना, म्हणजे शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत, मतदानोत्तर चाचणीचे आकडे प्रसिद्ध करणे हा अपराध असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात त्या शिक्षेपाशी तृतीयपुरुषी शॅल ठणठणीत उभा आहे आणि संपूर्ण अंदाजव्यवसायात खऱ्या अर्थाने वापरलेला शॅल तो तेवढाच. परंतु सूक्ष्म दृष्टीने वाचल्यास असे ध्यानात येते की, शिक्षा आकडा लवकर सांगण्यास आहे, खोटा सांगण्यास नाही. अर्ध्या तासाचा संयम पाळला की पुढे वाटेल ते सांगण्यास सरकारची हरकत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. लोकसभेच्या उमेदवारास सर्वसाधारणपणे २५,००० रुपये अनामत भरावी लागते आणि वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास हरलेल्या उमेदवाराची ती जप्त होते. तोच नियम अंदाज सांगणाऱ्यास लागू करावा: त्याने सरकारी तिजोरीत २५,००० भरावेत आणि चूक सभागृहाच्या षष्ठांशाहून मोठी निघाल्यास ते परत मागू नयेत. लोकसभेच्या ५४३ जागांचा षष्ठांश नव्वदाच्या आसपास येतो, तेव्हा सरांची रक्कम या वेळी गेली असे समजावे. काही चतुर मंडळी नेमका आकडा न सांगता पल्ला सांगतात. आपल्या २८८ जागांच्या विधानसभेत बहुमत १४५ वर असताना ‘१३० ते १६०’ असे म्हणून सरकार येणे आणि न येणे या दोन्हींचे श्रेय आगाऊ पदरात पाडून घेतात. त्यांच्याकडून पल्ल्यातील प्रत्येक जागेमागे एक स्वतंत्र अनामत घ्यावी, रोख.