एकाग्रनाथ

एकाग्रनाथ कामाला बसतो ते बघायला तिकीट ठेवलं तरी चालेल. आधी लॅपटॉप उघडतो, मग हेडफोन मऊ फडक्याने पुसतो, मग 'फोकस', 'डीप फोकस' आणि 'डीप फोकस : सोमवार' या प्लेलिस्टांपुढे चिंतन करत बसतो. रिपोर्ट दहाला सुरू व्हायचा असतो. साडेदहाला बायको चहा ठेवत विचारते, "झालं का रे काही?" तो एक बोट वर करतो. "थांब, मूड बनतोय."

ही जमात पुण्यात बाणेर-हिंजवडी पट्ट्यात घरून काम सुरू झाल्यापासून फोफावली. गाण्याची आवड आहे म्हणून तो ऐकतो, असं म्हटलेलं त्याला खपत नाही. लोक च्यवनप्राश घेतात तसं तो संगीत घेतो. सकाळी अनशापोटी मोत्झार्ट.

"शास्त्रीय आधार आहे त्याला!"

आहे की. १९९३ साली 'नेचर'मध्ये एक चिमुकला लेख आला होता. कॅलिफोर्नियातल्या ३६ विद्यार्थ्यांनी मोत्झार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा दहा मिनिटं ऐकला, आणि घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असल्या कोड्यांत त्यांचे गुण वाढले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यावर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना अभिजात संगीत वाटण्यासाठी सरकारी पैसे मागितले. मग एकाग्रनाथाने हप्त्यांवर हेडफोन घेतले, तर त्यालाच का हसा? फक्त त्याला कागद उलगडायचे नसतात, व्हेंडरांची बिलं जुळवायची असतात.

शब्द असलेलं गाणं लिहिण्या-वाचण्याच्या आड येतं, हेही त्याने वाचलं. तेही बऱ्याच अंशी खरं आहे. त्या दिवशी नाट्यसंगीत बंद झालं आणि तमिळ गाणी सुरू झाली. शब्द कळायलाच नकोत! आठवडा गेला नाही तोच हा चेन्नईच्या सहकाऱ्याला फोन लावून कडव्यांचे अर्थ विचारायला लागला. मग रागदारी आली. सकाळी तोडी, दुपारी सारंग. रागांच्या वेळा तो डेडलाइनपेक्षा काटेकोर पाळतो. पण सम जवळ आली की कीबोर्डवरचे हात हवेत थबकतात आणि बरोबर समेवर एंटर पडतं. मेल अर्धा लिहून झालेला असला तरी.

याचे पूर्वज पॅरिसमध्ये सापडतात. १९२० साली एरिक सातीने, कोणी ऐकू नये म्हणूनच, 'फर्निचर संगीत' रचलं. खुर्ची-टेबलासारखं खोलीत नुसतं असायचं. नाटकाच्या मध्यंतरात ते सुरू झालं, तशी उठलेली मंडळी ऐकायला परत जागेवर जाऊन बसली. बिचारा साती ओरडत फिरला, बोला, हिंडा, ऐकू नका! एकाग्रनाथ तिथे असता तर पहिल्या रांगेत बसला असता, आणि शेजाऱ्याला 'श्श' म्हणाला असता.

खरं पार्श्वसंगीत आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे वाजतं. दुकान उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत विविध भारती. तो ब्लाउजाची बाही शिवत असताना मी विचारलं, "आत्ता कुठलं गाणं झालं हो?" त्याने मान वर केली. "गाणं? कुठलं?"

एकाग्रनाथाला हे सांगितलं, तर तो म्हणाला की शिवणकाम वेगळं, त्याला डोकं लागत नाही. (त्याची पँट अजून त्याच शिंप्याकडे अडकलीय, म्हणून हे मी पुढे पोचवलेलं नाही.)

पावसाळ्यात तो निसर्गाकडे वळतो. बाहेर जुलैची सर शेजारच्या पत्र्यावर तडातडा वाजत असते. "काय हा गोंगाट!" म्हणत तो खिडकी घट्ट लावून घेतो आणि कानात पाऊस लावतो. दहा तासांचा, कुठल्याशा परदेशी जंगलातला.

मध्यंतरी एका गुरुवारी दिवसभर वीज नव्हती. वायफाय गेलं, हेडफोनचं चार्जिंग संपलं, आणि आठवडाभर रेंगाळलेली बिलं जेवणाआधी जुळली. बायकोला वाटलं, सुटलो. त्याने वेगळाच निष्कर्ष काढला. आता तो 'संपूर्ण शांतता, आठ तास' नावाचं रेकॉर्डिंग ऐकतो, पूर्ण आवाजात. मध्येच जाहिराती यायच्या, म्हणून वर्षाची वर्गणीही भरून टाकली आहे.